तसबिरीखाली नाव लिहा

‘तसबीर’ हा शब्द मराठीला आमच्या बाजूने मिळाला. अरबी-फारसीतून आला आणि मराठी घराच्या भिंतीवर कायमचा राहिला. आज कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेत हिंडा. देवघरात तसबिरी, दुकानात गल्ल्याच्या वर तसबीर, शाळेच्या हॉलमध्ये शाहू महाराजांची, फुल्यांची, बाबासाहेबांची तसबीर. ज्यांच्याबरोबर हा शब्द या मुलखात आला त्यांच्या भिंतीवर मात्र मक्का-मदिनेचे कॅलेंडर आणि आयतुल कुर्सीची चौकट. दोन्हींबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्या भिंतीवर माणूस नाही.

आमच्या घरांतले जुने फोटो गेले कुठे, याची चौकशी आम्ही गेली काही वर्षे करीत आहोत. उत्तरे ठरलेली आहेत. कुणाचे वडील हज करून आले आणि त्यांनी चौकटी उतरवल्या. कुणाचा थोरला जमातीबरोबर चाळीस दिवस फिरून आला आणि त्याने आजोबांचा फोटो पेटीच्या तळाशी घातला. पेटीला वाळवी लागली. एका घरी लग्नाचा ग्रुप फोटो बंबात गेला. आजीचा फोटो मागितला तेव्हा एका भगिनीने मतदार ओळखपत्र काढून समोर ठेवले. १९९३ साली ही फोटोची ओळखपत्रे सुरू झाली, त्यानंतर कधीतरी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसवून काढलेला तो फोटो. सबंध आयुष्यात त्या बाईसमोर कॅमेरा धरला गेला तो एकदाच, आणि तोही सरकारने.

समाजापुढे प्रश्न कोणते आणि यांचे चालले आहे काय, असे कुणी म्हणेल. शिक्षण, रोजगार, घर भाड्याने न मिळणे, हे प्रश्न आम्हालाही ठाऊक आहेत. फोटोचा प्रश्न त्यांच्या बाहेरचा नाही. ज्याचा चेहरा नावानिशी कुणाला ठाऊक नसतो, त्याच्या जागी दुसरा कोणताही चेहरा बसवता येतो, आणि घर नाकारणारा माणूस नेमका तो दुसरा चेहरा बघून नाकारत असतो. चेहऱ्याला नाव असणे म्हणजे काय, हे सांगायला आम्ही एका फ्रेंच माणसाची गोष्ट घेतो. तो आपला कुणी नव्हे. पण नावासाठी भांडावे कसे, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

पॅरिसमध्ये १८२० साली तो जन्मला. नाव गास्पार-फेलिक्स तूर्नाशाँ. बाप छापखानेवाला आणि पुस्तकविक्रेता. १८३७ मध्ये तो वारला. पोराने वैद्यकी अर्ध्यावर सोडली, वर्तमानपत्रांत लिहिले, व्यंगचित्रे काढली. दोस्तांच्या कंपूत शब्दाच्या शेपटाला ‘दार’ जोडून बोलण्याची टूम होती. तूर्नाशाँचा ‘तूर्नादार’ झाला आणि झिजून ‘नादार’ उरला. आमच्या कानाला हा शब्द वेगळाच लागतो. नादार म्हणजे ज्याच्या गाठीला काही नाही तो. शाळेत फी माफ झालेल्या पोराला आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळात नादार म्हणत. योगायोग असा की हा फ्रेंच नादारही बराच काळ देणेकऱ्यांतच होता.

१८५४ मध्ये त्याने फ्रान्समधल्या सुमारे अडीचशे लेखकांच्या व्यंगचित्रांचा एक भला मोठा शिळाछाप काढला. त्याच सुमारास तो कॅमेऱ्याकडे वळला. धाकटा भाऊ आद्रियाँ हाही फोटोग्राफर झाला आणि ‘धाकटा नादार’ म्हणून सही करू लागला. थोरल्याने त्याला कोर्टात खेचले. १८५७ अखेर निकाल लागला, आणि ‘नादार’ हे नाव वापरायचा हक्क एकट्या फेलिक्सचा ठरला. या खटल्यात त्याने मांडलेला मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: फोटोग्राफीचे शास्त्र तासाभरात समजते, हातोटी दिवसभरात येते, शिकवता येत नाही ते एवढेच, की समोर बसलेला माणूस कोण आहे हे ओळखणे. म्हणजे फोटो काढण्याआधी त्या माणसाची ओळख हवी.

आणि त्याचे फोटो बघा. त्या काळात स्टुडिओत पडदे, खांब, कठडे, कुंड्या यांची गर्दी असे. नादारने हे सगळे हटवले. मागे साधा पडदा, बाजूने उजेड, आणि मध्ये माणूस. कवी बोदलेअर असा बसला, अजून नावारूपाला न आलेली नटी सारा बर्नार्ड अशी बसली. १८६० मध्ये त्याने कापुसीन बुलेवारवर नवा स्टुडिओ घेतला आणि इमारतीवर स्वतःची लांबलचक लाल सही चढवली. १८७४ मध्ये पुढे ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन याच जागेत भरले. १८८६ मध्ये त्याने शेव्हरल या शंभरी गाठलेल्या शास्त्रज्ञाशी गप्पा मारल्या, मुलगा पॉल फोटो काढत गेला, आणि छापताना प्रत्येक फोटोखाली त्या क्षणी म्हातारा काय बोलत होता ते दिले. फोटोखाली माणसाचे नाव तर झालेच, त्याचे शब्दही आले. नादार १९१० मध्ये वारला.

त्याला साधुसंत करायचे आम्हाला कारण नाही. त्याने फोटो काढले ते मुख्यतः आपल्या मंडळींचे आणि नामवंतांचे. १८६१ मध्ये पॅरिसच्या जमिनीखालच्या अस्थिगृहात विजेच्या दिव्यावर त्याने फोटो घेतले. एकेका फोटोला कित्येक मिनिटे लागत, तेवढा वेळ जिवंत माणूस निश्चल राहणार कसा? म्हणून हाडे वाहणाऱ्या मजुराच्या जागी त्याने कपडे घातलेला पुतळा उभा केला. कवीला नाव आणि मजुराच्या जागी बाहुले. हे वर्गाचे गणित तिथेही सुटले नव्हते.

आता मुंबईकडे या. कॅमेरा आपल्याकडे उशिरा आला असे मुळीच नाही. नादार पॅरिसमध्ये कॅमेरा हाती घेत होता त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग चालला. त्यातून पुढे आलेले हरिश्चंद्र चिंतामण व्यक्तिचित्रणाचे व्यावसायिक फोटोग्राफर झाले. पण याच शहरात विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाने मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. माणसे स्टुडिओत उभी करायची, त्यांची चित्रे कापायची आणि दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायची. खाली नाव नाही, जमात. आणि १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आशीर्वादाने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. १८५७च्या बंडानंतर राज्यकर्त्यांना रयतेची ओळख हवी होती. कोणती ओळख? कोणती जात इमानी, कोणती लुटारू, कोणती कडवी, अशी. नादारची ओळख आणि ही ओळख यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकाच दशकात, एकाच यंत्राने, पॅरिसमध्ये माणूस टिपला गेला आणि हिंदुस्थानात नमुना.

नमुन्याचे हे काम तिथेच थांबले नाही. पाठ्यपुस्तकातला दाढी-टोपीचा मुसलमान, सिनेमातला चाचा किंवा गुंड, वर्तमानपत्रात ईदच्या दुसऱ्या दिवशी छापून येणारे नमाजी पाठीमागून. पाठीमागून! वर्षातून एकदा आमचा फोटो छापतात आणि तोही सजद्यातल्या पाठींचा. खाली ओळ असते, ‘मुस्लिम बांधव’.

इतरांना बोल लावणे सोपे आहे. आता घरचा हिशेब.

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात आणि त्या परंपरेच्या उगमाशी ज्यांना बसवतात ते आबालाल रहिमान. पॉल नादारचा जन्म १८५६चा. आबालालांचे जन्मवर्ष कुणी १८५६ देतो, कुणी १८६०. इथूनच आमची तक्रार सुरू होते. छत्रपतींच्या पदरी असलेला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, आपल्या हयातीत नाव झालेला चित्रकार, आणि त्याच्या जन्माच्या सालावर एकमत नाही. मूळ नाव अब्दुल अझीझ. किती कोल्हापूरकरांना ते ठाऊक आहे? किती कोल्हापूरकर मुसलमानांना? घराण्यात कुराणाच्या प्रती लिहून त्या वेलबुट्टीने सजवण्याचे काम चालत असे, असे सांगतात. मुंबईत शिकून ते परतले आणि कोटीतीर्थाच्या काठी राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. तळे, झाडे, सकाळ-संध्याकाळचा उजेड त्यांनी रंगवला, माणसेही रंगवली. २८ डिसेंबर १९३१ रोजी ते गेले. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या भोवतालची पिढी त्यांना गुरुस्थानी मानत आली. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात त्यांची चित्रे आज पाहता येतात.

एवढ्यावर चरित्र संपते आणि दंतकथा सुरू होते. ६ मे १९२२ रोजी महाराज वारले, त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रे कोटीतीर्थात बुडवली. किती? सांगणाऱ्यागणिक आकडा वाढतो. ते फकिरासारखे राहत, लहर लागली की चित्र वाटून टाकत, जगाची शुद्ध नसे. आम्ही या गोष्टी खोट्या म्हणत नाही. पण त्या इतक्या आवडीने का सांगितल्या जातात, हे विचारतो. दरवेश म्हटले की पगारपत्रक बघावे लागत नाही. चित्रे तळ्यात गेली म्हटले की उरलेली कुठे आहेत, कोणत्या वाड्यात, कोणत्या स्थितीत, याची यादी करावी लागत नाही. नादारने आपल्या नावासाठी सख्ख्या भावाला कोर्टात नेले; आमच्या अब्दुल अझीझच्या बाजूने मोडी कागदांचा एक रुमाल सोडून पाहायला किती माणसे बसली?

सभांमधून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘मुसलमान असूनही त्यांनी...’. या ‘असूनही’ला आमचा आक्षेप आहे. ज्या हातात कुराण लिहिणाऱ्या घराची लिखाई आहे, त्या हाताबद्दल बोलताना ‘असूनही’ कशासाठी? आणि आमची माणसे त्या सभेला जातच नाहीत. जमातीच्या एखाद्या कार्यक्रमात आबालालांचे नाव काढले तर दोन वडीलधारे खाली बघतात. चित्रकार होता ना, मग नको.

तर आता त्या ‘नको’कडे वळू. तसवीर बनवणाऱ्याला कयामतच्या दिवशी त्यात जीव घालायला सांगितले जाईल, ही हदीस आम्हालाही माहीत आहे. हजरत आयेशांनी चित्रांचा पडदा लावला होता, तो रसूलुल्लाहंना रुचला नाही आणि मग त्याच कापडाच्या उशा झाल्या, हीसुद्धा हदीसच आहे. चित्र पडद्यावर नको, उशीला चालले. तेव्हा यात पूजेची भीती किती आणि चित्राची किती, यावर विद्वानांनी मुळापासून वाद घातलेले आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत फोटोग्राफीच्या बाजूने स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. फोटो म्हणजे नवी निर्मिती नव्हे, पडलेली सावली धरून ठेवणे आहे. आरसा जायज असेल तर हेही जायज. मौलाना आझादांचे ‘अल-हिलाल’ १९१२ मध्ये निघाले ते फोटो छापतच. उलट मत असलेले आलिमही होते आणि आहेत. सय्यद सुलेमान नदवींनी आधी फोटोच्या बाजूने लिहिले आणि पुढे ते मत मागे घेतले. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. आमचा प्रश्न साधा आहे. मत पक्के असेल तर हजच्या पासपोर्टचा फोटो काढताना ते कुठे जाते? आधारकार्डाला, रेशनला, शिष्यवृत्तीच्या अर्जाला फोटो चालतो, कारण ती मजबुरी आहे. जे हुकमाने द्यावे लागते ते चालते, जे प्रेमाने ठेवावे ते चालत नाही, असा हा न्याय झाला.

शिवाय हा न्याय आमच्या जुन्या जाणत्यांचाही नव्हता. लखनौच्या हुसैनाबाद इमामबाड्याचे दारोगा अहमद अली खान १८५०च्या दशकात कॅमेरा चालवत होते. त्याच शहरातल्या दारोगा हाजी अब्बास अलींनी १८८० मध्ये अवधच्या राजे-तालुकदारांचा अल्बम काढला. हाजी! हज झाल्यावर त्यांनी फोटो उतरवले नाहीत, छापले. आणि खाली जमात नव्हे, नाव आणि घराण्याची माहिती दिली. खलिफा असलेल्या सुलतान अब्दुल हमीद दुसऱ्यांनी आपल्या राज्यातल्या शाळा, इस्पितळे, विद्यार्थी यांच्या फोटोंचे ५१ अल्बम अमेरिकेला आणि ब्रिटनला पाठवले. आमच्याविषयी युरोप काढील तेवढेच चित्र जगाने बघू नये, हा हिशेब त्यांना कळत होता. फ्रेंचांशी पंधरा वर्षे लढलेले अमीर अब्दुल कादिर १८६५ मध्ये पॅरिसमध्ये एत्येन कार्जाच्या कॅमेऱ्यासमोर बसले. कार्जा हा नादारच्याच पठडीतला, व्यंगचित्राकडून फोटोकडे आलेला. अमिरांची दीनदारी त्याने उणी झाली असे कुणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

त्यांच्याच अल्जीरियात पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९६० साली मार्क गरांजे नावाच्या फ्रेंच शिपायाला हुकूम मिळाला, गावोगावच्या बायकांचे ओळखपत्रासाठी फोटो काढ. दहा दिवसांत सुमारे दोन हजार बायका. चेहरे उघडे करायला लावले. ते फोटो पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातल्या बायका कॅमेऱ्याकडे ज्या नजरेने बघतात ती विसरता येत नाही. नादारच्या देशाचाच कॅमेरा, पण समोर बसलेल्याला ‘तू कोण’ असे न विचारता धरलेला. व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली आमची आजी त्या बायकांइतकी जुलमाखाली नव्हती, हे खरे. पण तिच्याजवळ निवडीसाठी दुसरा फोटो नव्हता, हेही खरे. तो आम्ही तिला दिला नाही.

७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात काय घडले ते वाचकांना सांगायला नको. मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर बंद, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. दगड मारणाऱ्यांविषयी आम्ही तेव्हाही बोललो आणि आजही बोलतो: काही पोरांच्या स्टेटसची शिक्षा शेकडो दुकानदारांना देण्याचा अधिकार कुणाला कुणी दिलेला नाही. पण स्टेटस ठेवणाऱ्या पोरांनाही विचारायचे आहे. १७०७ साली मेलेल्या बादशहाशी तुमचे नाते काय? पणजोबा कोण होते, बागवान होते, अत्तार होते, महाराजांच्या पागेत होते की गिरणीत, त्यांचा चेहरा कसा होता, यातले काही तुम्हाला दाखवता येईल? ते दाखवता येत नाही म्हणून मोबाईलवर बादशहा येतो. आणि आमच्यावर दगड उचलणाऱ्यालाही तोच बादशहा हवा असतो. दोघांच्या मधून अब्दुल अझीझ गायब होतो. १९०६ साली शाहू महाराजांनी उभ्या केलेल्या मुस्लिम बोर्डिंगात शिकून गावोगाव मास्तर झालेली आमची माणसे गायब होतात. त्यांच्या ग्रुप फोटोंना वाळवी लागलेली असते.

म्हणून आमच्या मागण्या अगदी छोट्या आहेत. कोल्हापुरातल्या कलाप्रेमी मंडळींकडे एवढेच मागणे, की आबालालांच्या उरलेल्या चित्रांची ठावठिकाण्यासह यादी करा, दरबारच्या दप्तरातली त्यांची नोंद शोधा आणि चित्राखालच्या पाटीवर अब्दुल अझीझ हे नावही घाला. तळ्याची गोष्ट त्यानंतर सांगा. आमच्या जमातीतल्या जाणत्यांना एवढेच, की तुमच्या भिंतीवर फोटो लावा असे आम्ही म्हणत नाही; पेटीत ठेवा, पण जाळू नका, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा. शाईने नको, शाई पुढे उतरते. माणसाचे पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव, धंदा, साल. बाईचा फोटो असेल तर अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढ्यावर भागवू नका, तिचे नाव लिहा.

पुढच्या अंकापासून अशा फोटोंसाठी आम्ही काही पाने राखून ठेवीत आहोत. मूळ फोटो पाठवू नका, प्रत पाठवा. माणूस नामवंत असण्याची अट नाही. शिंपी, हमाल, दाई, मास्तरीण, तालमीतला पैलवान, कुणीही चालेल. नाव कुणालाच सांगता येत नसेल तरीही फोटो छापू. खालची ओळ तेवढी कोरी ठेवू, ‘मुस्लिम बांधव’ लिहिणार नाही.